अर्धलीनं दिलेली वाडी

ठकुबाईच्या घरात कॉम्प्युटर आणि शेरडं यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही कुडाची. अलीकडं माजघर, पलीकडं शेरडं. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर ही वाडी. इथं चढून येणाऱ्या नवख्या माणसाला आधी दम लागतो आणि मग ह्या कॉम्प्युटरचं नवल वाटतं. मावशी, धुळीनं खराब होईल की हा, असं कुणी म्हटलंच तर ठकुबाई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि विचारते, तुमच्याकडचा किती वर्सं टिकला? बहुतेकांकडचा टिकलेला नसतो. मग तो माणूस गूळपाणी घेतो आणि विषय बदलतो.

कॉम्प्युटर मूळचा तिच्या लेकीचा, रत्नाचा. रत्ना भोरला कॉलेजात होती तेव्हा घेतलेला. पुढं ती लग्न होऊन आंबवड्याला गेली, आणि कॉम्प्युटर माहेरी राहिला. ठकुबाईचे मालक गेणूनाना म्हणाले, विकून टाकू, उगाच जागा अडवतोय. नाना आयुष्यात फार थोडं बोलले, आणि जे बोलले त्यातलं बरंचसं वाया गेलं. हेही गेलं. ठकुबाईनं स्वतःचं एक जुनं लुगडं धुऊन त्याच्यावर पांघरलं आणि त्या दिवसापासून त्याचं दाणापाणी आपल्याकडं घेतलं.

दाणापाणी म्हणजे अगदी शिस्तीत हो. दर शनिवारी शेरडांच्या गोचड्या काढून झाल्या की ती साबणानं हात धुवायची आणि कॉम्प्युटरपुढं बसायची. नको ते पुसून टाकायची. पुसलेलं जिथं जाऊन पडतं त्याला ती उकिरडा म्हणायची, आणि उकिरडा भरून वाहू द्यायची नाही. मग यायचं विस्कटलेलं गोळा करायचं काम. भोरच्या स्टँडजवळ दुकान असलेल्या सोमनाथनं तिला सांगितलं होतं, की सामान डिस्कवर तुकड्यातुकड्यानं पांगत जातं, ते मधूनमधून एका जागी आणावं लागतं. एक बटण दाबलं की मशीन ते आपलं आपण करतं, तुम्ही खुशाल कामाला जा. पण ठकुबाई जायची नाही. सगळं गोळा होईस्तोवर समोर मांडी घालून बसून राहायची. राखण्या नसला तर कळप कधी गोळा होतो का, हा तिचा सवाल होता.

आता एवढी बडदास्त कशासाठी, तर एका फिल्मसाठी.

वाडी पूर्वी खाली होती, नदीच्या काठाला. धरणाचं पाणी यायचं ठरलं तेव्हा देवीची पालखी जुन्या देवळातून उठवून वर न्यायची होती. सगळ्यांनी मिळून भोरहून एक व्हिडिओवाला बोलावला. त्यानं पालखी निघाल्यापासून वर पोचेपर्यंत सगळं टिपलं आणि एक सीडी दिली. सीडी हातोहात फिरून खरवडली, पण त्याआधी रत्नानं ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती. सीडी पुढं चालेनाशी झाली. जुनी वाडी आता पाण्याखाली होती आणि ठकुबाईच्या माजघरात होती, तिसरीकडं कुठंही नव्हती.

त्या फिल्ममध्ये कोण नाही? सासू कोंडाबाई आहे, पालखीच्या पुढं चालत वाजंत्र्यांना ओरडत. बारव आहे, पार आहे, दारादारातली तुळस आहे. तरणे गेणूनाना आहेत, पालखीला खांदा देताना. धाकटी जाऊ साळूबाई तर नव्या हिरव्या पातळात इतक्यांदा दिसते, की व्हिडिओवाल्याला तिनं चहा जास्त पाजला असावा, असं ठकुबाईचं मत होतं. कुणाचं तरी एक काळं कुत्रंही दोनदा येऊन जातं. नाही ती फक्त ठकुबाई.

कारण कोंडाबाईनं सकाळीच फर्मान सोडलं होतं. माणसं वाजतगाजत वर जातील, पण शेरडं कोण नेणार? थोरली सून कशासाठी असते? ठकुबाई शेरडं घेऊन आडवाटेनं निघाली, अर्ध्या चढावर एक शेळी व्यायला बसली, आणि करडू पदरात घेऊन ती वर पोचली तेव्हा देवी बसली होती, चहा संपला होता आणि व्हिडिओवाला पिशवीची चेन लावत होता. ती नव्हती हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते मात्र तिला लागलं ते लागलंच.

दर चैत्री पौर्णिमेला देवीची जत्रा असते. धरणानं पांगलेली माणसं त्या दिवशी वाडीवर येतात आणि दुपारी जेवणं झाली की ठकुबाईच्या घरात दाटीवाटीनं बसून ती फिल्म बघतात. ठकुबाई हातात शेळ्यांची काठी घेऊन बाजूला उभी. ही बारव, हे अमक्याचं दार, ह्यो तमक्याचा आज्जा, पोरांनो बघून घ्या. एका जागी पालखी वळणावर थांबते आणि वरच्या रानातून शेळी ओरडल्याचा बारीक आवाज येतो. तिथं ठकुबाई न चुकता फिल्म थांबवायची.

"ऐकलं का? ती माझी शेरडं. त्यांच्या मागं मी."

सगळे माना हलवायचे. मग फिल्म पुढं सुरू व्हायची. बस्स, एवढीच ती त्या वाडीत होती.

एका वर्षी कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला. तिनं तो घोंगडीत गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि सोमनाथच्या पुढ्यात ठेवला. सोमनाथनं त्याच्या डिस्कचे दोन खण पाडले. एका खणात मशीनचं स्वतःचं बिऱ्हाड, दुसऱ्यात मावशींचं सामान. उद्या पहिला खण बिघडला आणि पुसून नव्यानं भरावा लागला, तरी दुसऱ्याला धक्का लागणार नाही. हे ठकुबाईला फार पटलं. करडं शेळ्यांपासून अशीच ताटी लावून वेगळी ठेवतात. घरी येऊन तिनं फिल्मची एक नक्कल ह्या खणात ठेवली, एक त्या खणात, आणि निर्धास्त झाली.

सोमनाथनं तिला बजावलंही होतं, की खण दोन दिसले तरी डिस्क एकच आहे, छप्पर एकच आहे, तेव्हा एक नक्कल घराबाहेर पाहिजे. यावर ठकुबाईचं म्हणणं असं, की समोर दोन दिसतायत तर एक कसं? पण घराबाहेरच्या नकलेचं तिनं लगेच मनावर घेतलं, कारण त्यात तिला कुणी नवीन काही शिकवत नव्हतं. ह्या डोंगरात आपली सगळी शेरडं कुणी एका गोठ्यात ठेवत नाही. रोगराई आली तर मुळासकट जायची. एखाददुसरी शेळी पाहुण्यांकडं अर्धलीनं देतात. सांभाळ त्यांनी करायचा, शेळी मालकाचीच राहायची, आणि जी करडं होतील ती निम्मी त्यांची, निम्मी मालकाची. ठकुबाईनं तीन पेनड्राईव्ह आणले, तिन्हींत फिल्म भरली आणि अर्धलीनं दिले. एक रत्नाला आंबवड्याला. एक भाच्याला, बंडूला, जो भोरमध्ये टेम्पो चालवतो. आणि एक साळूबाईला, जिचं सारोळ्याला हायवेच्या कडेला चहाचं हॉटेल आहे.

कायदा तिनं तिघांना नीट ऐकवला. फिल्मला हात लावायचा नाही. उरलेल्या जागेत तुम्हाला काय ठेवायचं ते ठेवा, पण दर चैत्री पौर्णिमेला पेनड्राईव्ह घेऊन हजर व्हायचं, आणि नवीन जे काही झालं असेल त्यातलं निम्मं माझं. तिघं हसले, पण मुकाट्यानं आणायला लागले, कारण ठकुबाईपुढं काय बोलणार? अशानं तिच्या कॉम्प्युटरमध्ये नातवाच्या जावळाचे निम्मे फोटो आले, आणि बंडूच्या टेम्पोचेही निम्मे. टेम्पोची एकच बाजू तिच्या वाटणीला आली म्हणून तिनं बंडूशी एक आख्खी दुपार वाद घातला होता.

सगळं सुरळीत चाललेलं, आणि गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला माशी शिंकली. फिल्म चालू असताना साळूबाई मागं उभी राहून मोबाईल धरून होती. ठकुबाईच्या ते डोळ्यावर आलं. अर्धलीनं शेळी दिलेली असताना ही माझ्या गोठ्यातून दुसरी चोरून काढतेय की काय? तिनं भर माणसांत साळूबाईला झाडलं. नीयत बरी नाही म्हणाली. साळूबाईही काही दूधखुळी नव्हती. आक्का, तुमच्या फिल्मला मी कशाला हात लावू, एवढं बोलून तिनं मोबाईल कमरेला खोचला, पेनड्राईव्ह हिशोबाला न दाखवताच पिशवीत टाकला आणि तडक एसटी गाठली. तेव्हापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद होतं. गेणूनाना एकदा म्हणाले, अगं, विचारायचं तरी होतं काय करतीस म्हणून. तेही वाया गेलं.

यंदा पौर्णिमा तोंडावर आली आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून टक् टक् असा आवाज यायला लागला. ठकुबाईनं कान लावला आणि ओळखलं, पाल. आत शिरून बसलीय आणि चुकचुकतेय. एरवी तिनं डबा उघडून हाकलली असती, पण अंडी घातली असतील तर? लेकुरवाळीला घरातून काढू नये, असा तिच्या घरचा रिवाज होता. तिनं पालीला राहू दिलं. उलट गेणूनानांना ताकीद दिली की डब्याजवळ खोकू नका. पाल दिवसभर चुकचुकत राहिली आणि ठकुबाई येताजाता तिला सत्य सत्य म्हणत राहिली.

मग एका सकाळी पाल गप्प झाली, आणि पडदा काळा झाला.

पुन्हा घोंगडी, पुन्हा मांडी, पुन्हा भोर. सोमनाथनं डबा उघडला. आत पाल नव्हती, अंडी नव्हती. टकटक करत होती ती डिस्क, मरणाच्या वाटेवरची. आवाज आला त्या दिवशी आणली असती तर सगळं काढून घेता आलं असतं, असं तो हळूच म्हणाला. ठकुबाई म्हणाली, एक खण गेला असंल, दुसरा बघ. सोमनाथनं डिस्क काढून तिच्या हातात ठेवली.

"मावशी, बिबट्या कौलं फोडून आत उतरला, तर मधल्या ताटीचा काय उपयोग?"

ते तिला एका दमात कळलं. असा बिबट्या तिच्या माहेरी एकदा उतरला होता, आणि ताटीच्या ना अलीकडं काही उरलं होतं ना पलीकडं. ती दुकानातल्या स्टुलावर मटकन बसली. पुण्याला पाठवून बघू, थोडंफार निघेल कदाचित, पण महिना तरी जाईल, सोमनाथ सांगत होता. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. घरभर माणसं येऊन बसणार आणि ती काठी घेऊन काळ्या पडद्याशेजारी उभी राहणार, एवढंच तिच्या डोळ्यांपुढं आलं. पण अर्धलीची तीन जनावरं बाहेर आहेत हे आठवलं आणि ती उठली. सोमनाथला नवी डिस्क बसवायला सांगून तिनं बंडूला टेम्पोसकट बोलावलं.

बंडू आला, पण त्याची मान खाली होती. लग्नसराईत टेम्पोत गाणी पाहिजे होती, आत्या, आणि जागा पुरेना. ठकुबाईनं विचारलं, म्हणजे माझी शेळी कापून खाल्लीस? बंडू म्हणाला, आत्या, गाणी लई भारी आहेत, निम्मी तुमची. त्यानंतर आंबवड्यापर्यंतच्या वाटेत तिनं एकही गाणं लावू दिलं नाही.

रत्नाकडं मात्र फिल्मला कुणी हात लावला नव्हता. पेनड्राईव्हमध्ये देवीची पालखी आहे हे गेल्या जत्रेनंतर कळल्यापासून रत्नाच्या सासूनं तो देव्हाऱ्यात ठेवला होता. रोज हळदकुंकू, रोज फूल. सासूबाईंनी मोठ्या आदरानं तो तबकात घालून आणला. ठकुबाईला भरून आलं. मग तिनं जवळून बघितलं. तोंडाशी हळदीचा थर होता, आत गंज चढला होता, आणि सासूबाई समाधानानं सांगत होत्या, की देवांबरोबर ह्या देवीलाही रोज आंघोळ असते, आणि सोमवारी दुधाची. ठकुबाईनं विहिणीसमोर हात जोडले, पेनड्राईव्हला नमस्कार केला आणि बाहेर येऊन टेम्पोत बसली. बंडूनं विचारलं, आता कुठं? तिनं आधी पदर घट्ट खोचला. मग सारोळं म्हणाली.

सारोळ्यापर्यंत ती मनातल्या मनात बोलणी जुळवत होती. मी थोरली आहे, मालकीण मी आहे, पेनड्राईव्ह माझा आहे, मागायला कसली लाज? पण लाज वाटत होती. भर माणसांत बोलली होती ती, आणि माफी मात्र हायवेच्या कडेला, परक्या गिऱ्हाइकांपुढं मागायची होती. आणि साळूनं रागाच्या भरात पुसून टाकलं असलं तर? तिच्या जागी आपण असतो तर पुसलं असतं, हे ठकुबाईला पक्कं ठाऊक होतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

साळूबाई भजी तळत होती. तिनं जावेला बघितलं, झारा खाली ठेवला नाही, पण नोकराला हाक मारून खुर्ची पुढं करायला सांगितली आणि चहा पाठवला. ठकुबाईनं चहा घेतला. दुसरा आला, तोही घेतला. शेवटी घाणा उतरला आणि साळूबाई पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली. ठकुबाईनं जुळवलेली बोलणी सगळी वाटेतच सांडली होती.

"साळू, माझी डिस्क मेली. दोनी खण गेले. तुझ्याकडं वाडी हाय का गं?"

साळूबाई गल्ल्याकडं वळली. गल्ल्यामागं खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती, तीतून तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राईव्ह काढला आणि हॉटेलातल्या टीव्हीला लावला. क्रिकेट बघत बसलेली दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, तिनं त्यांना एकेक भजं जादा दिलं. आणि टीव्हीवर पालखी उठली. कोंडाबाई ओरडली. बारव आली, पार आला, काळं कुत्रं आलं. वळणावर पालखी थांबली आणि शेळी ओरडली. ठकुबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. सगळं शाबूत होतं, एकाही चित्राला धक्का नव्हता.

"आता हिशोब," साळूबाई म्हणाली. "गेल्या साली ऱ्हायला."

तिनं दुसरं काहीतरी लावलं. माजघर दिसलं. माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यांच्या पाठी, त्यांची डोकी. कॉम्प्युटर कोपऱ्यात, अर्धा पडद्याबाहेर. आणि मधोमध, हातात काठी घेऊन, ठकुबाई. पोरांना दटावणारी. काठीनं दार दाखवणारी. गेणूनानांचा तरणा चेहरा आला की गालात हसणारी. हे आपण करतो हे तिला माहीतच नव्हतं. मग फिल्म थांबवून ती म्हणत होती, त्यांच्या मागं मी. आणि सगळे मान हलवत होते. ते संपलं, त्याच्या आधीच्या वर्षाचं लागलं. मग त्याच्याही आधीचं. प्रत्येक वर्षी तीच काठी, तीच ती. कॉम्प्युटरकडं साळूनं मोबाईल कधी धरलाच नव्हता.

"जुन्या वाडीत तुमी न्हवता, आक्का. मला लई वाटायचं. म्हनलं, नव्या वाडीत तरी असाव्या." साळूबाईनं नाक ओढलं. तिच्या रागाला अजून धग होती. "अर्धलीची करडं हैत ही. दर साली थोडी करून, मोबाईलात दडवून, सगळी येकदम दावनार व्हते. तुमी चोर म्हनला. आता कोन्ची निम्मी पायजेत, निवडा."

ठकुबाईला आयुष्यात पहिल्यांदा निम्म्याचा हिशोब जमेना. चुकलं माझं, एवढं ती कशीबशी बोलली, आणि डोळे पुसून घेतले. समोरच्या गिऱ्हाइकांनीही घाईघाईनं चहात डोकं घातलं.

"समदी हितंच ऱ्हाऊ देत तुझ्याकडं. माझ्या कौलातनं बिबट्या येतो," ती म्हणाली. "मला नकला दे. आन परवा ये."

पौर्णिमेला देवीची पालखी फिरली, जेवणं उठली आणि घर भरलं. सोमनाथची नवी डिस्क, साळूबाईच्या पेनड्राईव्हमधली वाडी. बंडू गाणी पुसलेला पेनड्राईव्ह घेऊन दारातच घुटमळत होता. त्याला फिल्म पुन्हा मिळाली, पण दंड म्हणून टेम्पोची दुसरी बाजू ठकुबाईच्या वाट्याला गेली. रत्नाच्या सासूबाईंना कोरडी पूजा समजावून सांगितली गेली. फिल्म चालू झाली, वळण आलं, शेळी ओरडली. ठकुबाईनं थांबवली.

त्याच वेळी मागं साळूबाईनं मोबाईल वर धरला. सगळ्यांना गेल्या वर्षीचं आठवत होतं. गेणूनाना तोंड उघडणार होते, पण त्यांनी विचार बदलला. ठकुबाईनं मोबाईलकडं बघितलं, काठी भिंतीला टेकवली, केस बसवले, पदर सारखा केला. मग कुडापलीकडं जाऊन एक शेळी कानाला धरून आत आणली आणि तिला आपल्या पुढ्यात उभी केली.

"आता धर," ती म्हणाली. "मी हिच्या मागं हाय."